यंत्रांचं पुरुमेंत

मे महिन्यात गोव्यातल्या घराघरांत पुरुमेंत भरतात. सुकी मासळी, मिरच्या, आमसुलं, कांद्याच्या माळा, मीठ. पावसात बाजार गाठता आला नाही तरी चूल थांबता कामा नये, एवढाच त्यामागचा हिशेब. शेती-अवजारांच्या दुकानालाही पुरुमेंत भरावं लागतं, फक्त त्याच्या यादीत व्ही-बेल्ट (पुलीवरचे पट्टे), ऑइल सील (शाफ्टभोवती तेल अडवणारी कडी), बेअरिंग, टाईन (माती फोडणारी पाती) आणि बोल्ट असतात. वडिलांचं किंवा आजोबांचं दुकान हातात घेतलेला मुलगा पहिल्या वर्षी हमखास शोरूमकडे लक्ष देतो: नवा बोर्ड, नवी यंत्रं ओळीने मांडलेली. दुकान टिकतं ते मात्र मागच्या खोलीतल्या फळ्यांवर. मिरग (मृग नक्षत्र) लागला, पहिला चिखल झाला आणि फोंड्यापलीकडच्या कुणाचा टिलर (मागे चालून चालवायचं नांगरणीचं यंत्र) शेताच्या मधोमध थांबला, की त्याला हवं असतं एक सील, आणि तेही त्याच दिवशी. तो सील तुमच्याकडे मिळाला तर पुढच्या वेळी टिलरही तो तुमच्याकडूनच घेतो.

म्हणून आधी सुटे भाग.

कंपनीचा पार्ट नंबर पाठ असणं चांगलंच, पण मापं वाचता येणं त्याहून कामाचं. बंद झालेली मॉडेलं खेड्यांत वीस-वीस वर्षं चालतात, नंबर मध्येच बदलतात, कंपनीची यादी नवी येते. मापं तीच राहतात. ऑइल सीलवर तीन आकडे असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, तिन्ही मिलिमीटरमध्ये. आतला आणि बाहेरचा व्यास तंतोतंत जुळलाच पाहिजे. जाडी एखाद्या मिलिमीटरने कमी असली तर बहुतेक वेळा चालते, जास्त असली तर नाही. बेअरिंगच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे पाचाने गुणले की आतला व्यास निघतो. ६२०५ असो वा ६३०५, दोन्हींचं भोक २५ मिमी. ६३ची मालिका मात्र बाहेरून मोठी आणि जास्त भार झेलणारी, त्यामुळे एकाच्या जागी दुसरं बसत नाही. (हा गुणाकार ०४ पासून पुढे चालतो. ००, ०१, ०२, ०३ यांची भोकं अनुक्रमे १०, १२, १५ आणि १७ मिमी.) नंबरामागे ‘झेडझेड’ असेल तर दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं, ‘२आरएस’ असेल तर रबराची. चिखलात चालणाऱ्या चाकाला आणि पंपाच्या मोटरीला रबराची घ्यावीत. पत्र्याचं झाकण धूळ अडवतं, पाणी अडवत नाही.

व्ही-बेल्टचंही तसंच. ‘बी-५२’ मधला बी म्हणजे वरची रुंदी १७ मिमी, ५२ म्हणजे आतली लांबी इंचांत. ‘ए’ची रुंदी १३ मिमी. गिऱ्हाईक घासलेला बेल्ट घेऊन येतो, त्यावरचा नंबर पुसलेला असतो. अशा वेळी बेल्टची रुंदी मोजण्यापेक्षा पुलीची खाच पाहावी, कारण घासलेला बी हा ए सारखा दिसायला लागतो. टिलरवर दोन-तीन बेल्ट जोडीने चालतात. त्यातला एक तुटला म्हणून एकच नवा देऊ नये. जुने ताणून लांब झालेले असतात, सगळा भार नव्या एकट्यावर येतो आणि आठवड्याभरात तोही जातो. गिऱ्हाईक तुमच्याच नावाने बोटं मोडतं. संपूर्ण सेट द्यावा, जुने चांगले असतील ते घरी अडीअडचणीला ठेवायला सांगावं. ताण पाहायचा तर दोन पुलींच्या मध्यावर अंगठ्याने दाबून साधारण १५ ते २० मिमी खाली गेला पाहिजे. जास्त ताणलेला बेल्ट घसरत नाही हे खरं, पण बेअरिंग खातो.

आता पॉवर टिलर. गोव्यातल्या भातशेतीचा खरा भार यानेच उचलला आहे, कारण आपली शेतं लहान, मेरा (बांध) अरुंद, आणि मोठा ट्रॅक्टर खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतात, उतरला की रुततो. १२-१३ अश्वशक्तीचा, एका सिलिंडरचा, पाण्याने थंड होणारा डिझेल टिलर हा इथला ठरलेला साचा. केरळातल्या अथाणीचा कामको आणि बंगळुरूचा व्हीएसटी शक्ती, हीच दोन नावं जुन्या शेतकऱ्याच्या तोंडी. नवीन हलके पेट्रोल वीडर (तण काढणारी यंत्रं) पोरसासाठी (परसबागेसाठी) आणि कुळागरासाठी (माड-सुपारीच्या बागेसाठी) ठीक आहेत. चिखलणीसाठी कुणी मागितला तर स्पष्ट नाही म्हणावं, विक्री गेली तरी चालेल.

टिलर सर्व्हिसला मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात यावा अशी अपेक्षा, येतो मात्र तीस तारखेला. आल्यावर सगळ्यात आधी गिअरबॉक्सचा ड्रेन नट थोडा सैल करून पाहावं. तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी आत गेलंय, आणि ते बहुतेक वेळा रोटरीच्या, म्हणजे टाईन फिरवणाऱ्या भागाच्या, शाफ्टकडच्या सीलमधून जातं. नुसतं तेल बदलून देणं म्हणजे गिऱ्हाईकाला ऑगस्टमध्ये परत बोलावणं. सील का गेला ते शोधायचं. आमच्याकडे दहापैकी बऱ्याच वेळा कारण एकच निघतं: शाफ्टला गुंडाळलेला गवताचा, सुंभाचा किंवा मासेमारीच्या जाळ्याच्या नायलॉन दोऱ्याचा वेढा. खाजनात भरतीबरोबर जाळ्यांचे तुकडे येतात. दोरा घट्ट होत होत आत सरकतो आणि सीलची ओठासारखी कड कापतो. म्हणून रोज संध्याकाळी रोटरीच्या दोन्ही टोकांचा वेढा कोयत्याने कापून काढायला सांगायचं. दुसरं कारण शाफ्टवर पडलेली खाच. जुना सील वर्षानुवर्षं एकाच जागी घासून गोल खोबण पाडतो. नखाला ती लागली की नवा सीलही गळणार. अशा वेळी सील अगदी थोडा आत किंवा बाहेर बसवून त्याची कड शाफ्टच्या न घासलेल्या भागावर आणता येते. जागाच नसेल तर शाफ्ट बदलावा किंवा त्यावर स्लीव्ह (पातळ नळी) चढवावी. सील बसवताना हातोडा थेट मारू नये. बाहेरच्या व्यासाएवढ्या पाईपच्या तुकड्याने सगळीकडून सारखा ठोकावा, कडेला आधी ग्रीस लावावं, स्प्रिंगची बाजू तेलाकडे. उलटा बसवलेला सील दिसायला व्यवस्थित दिसतो आणि पहिल्याच दिवशी गळतो.

टाईनची गोष्ट वेगळी. खाजनाच्या काळ्या मातीत टाईन दोन हंगाम सहज निघतात, मोरडीच्या (उंचावरच्या शेताच्या) जांभ्या दगडात एकाच हंगामात सुऱ्यासारख्या होतात. डाव्या आणि उजव्या टाईन वेगळ्या असतात. काढताना एकेक काढून तिच्या जागी तशीच नवी लावावी. सगळ्या एकदम काढून ढीग केला की मिसळतात, मग यंत्र एका बाजूला ओढतं किंवा मधे न नांगरलेला पट्टा राहतो, आणि शेतकरी म्हणतो गिअर बिघडला. बोल्ट नवे घ्यावेत, स्प्रिंग वॉशर घालावा, पहिल्या दोन तासांनंतर पुन्हा आवळावेत. एक सैल टाईन बोल्टचं भोक लंबगोल करते. त्यानंतर कितीही आवळा, ती हलतच राहते.

डिझेलच्या बाजूला दरवर्षी तेच. टाकी अर्धी भरलेली ठेवून टिलर आठ महिने उभा, हवेतल्या दमटपणाचं पाणी आत थेंबथेंब जमतं आणि तळाला बसतं. टाकी पूर्ण रिकामी करून धुवावी, फिल्टर बदलावा, मग हवा काढावी: आधी फिल्टरचा स्क्रू, मग पंपाकडचा, शेवटी इंजेक्टरच्या पाईपचा नट. हँडल फिरवत राहायचं, फेस थांबून एकसंध डिझेल आलं की आवळायचं. कान देऊन ऐकलं तर हँडल फिरवताना इंजेक्टर ‘कर्र कर्र’ करतो. तो आवाज नसेल तर डिझेल पोचत नाही किंवा नोझल तुंबलाय, नुसतं हँडल मारत बसण्यात खांदा जातो. एअर क्लीनरच्या वाटीतलं तेल खुणेपर्यंतच असावं. जास्त भरलं तर इंजिन ते ओढून घेतं, कमी असलं तर धूळ थेट सिलिंडरमध्ये. रेडिएटरमध्ये खाजनातलं खारं पाणी कधीही घालू नये. विहिरीचं गोडं पाणी घेऊन जायला दोन मिनिटं लागतात.

विकताना एक गोष्ट तोंडी सांगून भागत नाही, चालवून दाखवावी लागते. सपाट जागी डावीकडे वळायचं तर डावा स्टिअरिंग क्लच (त्या बाजूच्या चाकाचा जोर तोडणारा) दाबायचा. तीव्र उतारावर, टिलर स्वतःच्या वजनाने खाली ढकलला जात असताना, तोच क्लच दाबला की टिलर उलट्या बाजूला वळतो, कारण मोकळं झालेलं चाक जास्त वेगाने पळतं आणि दुसऱ्याला गिअर धरून ठेवतो. सत्तरी, सांगे, काणकोणातल्या डोंगरउतारावर ट्रेलर जोडून चालवणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर तो दरीच्या बाजूला वळतो. उतारावर क्लचला हातच लावू नये, खालच्या गिअरमध्ये उतरावं आणि हँडलच्या जोराने वळवावं. दुसरं, रोटरी फिरत असताना रिव्हर्स टाकू नये. मागे चालणारा माणूस अडखळला तर टाईन त्याच्या अंगावर येतात. रिव्हर्सआधी रोटरीचा गिअर न्यूट्रल, ही सवय पहिल्याच दिवशी लावावी. आणि हँडल मारताना अंगठा मुठीच्या वर, बोटांच्याच बाजूला. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट वाचतं.

ब्रश कटर, म्हणजे हातात धरून गवत कापायचं यंत्र, हा दुकानाचा दुसरा खांब. काजूच्या बागायतीतली साफसफाई, मेरांवरचं गवत, माडाच्या मुळाशी वाढलेलं रान, ही सगळी कामं आता याच्यावर. इथे तक्रारी दहा, मूळ एक: पेट्रोल. टू-स्ट्रोकमध्ये तेल मिसळावंच लागतं. ५०:१ म्हणजे एका लिटरला २० मिली, २५:१ म्हणजे ४० मिली. कुठलं प्रमाण ते यंत्राच्या पुस्तिकेवर आणि तेलाच्या बाटलीवर लिहिलेलं असतं, अंदाजाने ‘एक झाकण’ घालणं बंद करावं, झाकणं सारखी नसतात. फोर-स्ट्रोकमध्ये तेल वेगळं, पेट्रोल शुद्ध. घरात दोन्ही यंत्रं असली की गोंधळ होतोच, म्हणून विकतानाच दोन वेगवेगळ्या रंगांचे कॅन द्यावेत. फोर-स्ट्रोकमध्ये मिश्रण गेलं तर धूर होतो, प्लग काळा पडतो, साफ करून काम भागतं. टू-स्ट्रोकमध्ये कोरं पेट्रोल गेलं तर पिस्टन जाम. अशा यंत्राचा सायलेन्सर काढून भोकातून पिस्टन पाहिला की उभे ओरखडे दिसतात. ‘मी तेल घातलं होतं’ यावर वाद घालण्यापेक्षा ते ओरखडे गिऱ्हाईकाला दाखवावेत.

सध्याच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढतं. गोव्याच्या पावसाळ्यात अर्धी टाकी तीन आठवडे राहिली की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतात, वर हलकं पेट्रोल. यंत्र सुरू होतं, दोन मिनिटांत बंद पडतं. टू-स्ट्रोकमध्ये धोका दुप्पट, कारण खालच्या थरात तेल नीट मिसळत नाही. त्यामुळे आठवड्यात संपेल एवढंच मिश्रण करावं. यंत्र ठेवून द्यायचं असेल तर टाकी रिकामी करून सुरू करावं आणि आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावं, म्हणजे कार्ब्युरेटरही कोरडा होतो. इंधनाचा पाईप कडक किंवा चिकट झाला असेल तर तो आणि टाकीतला फिल्टर दोन्ही बदलावेत. पातळ रबरी डायफ्राम ताठ झाला तर कार्ब्युरेटर कितीही धुवा, उपयोग नाही. किट बदलावं.

पातं बदलताना लक्षात ठेवायचं की नट उलट्या आट्यांचा असतो: घड्याळाच्या दिशेने सुटतो, उलट दिशेने आवळतो. दर वर्षी दोन-तीन गिअर हेड याच चुकीने तुटून येतात. गिअर हेडमध्ये दर २०-२५ तासांनी ग्रीस. मोकळ्या इंजिनवर पातं फिरत असेल तर आयडल (रिकामा वेग) जास्त आहे किंवा क्लचची स्प्रिंग तुटलीय, तसं यंत्र कुणाच्या हाती देऊ नये. नायलॉनची दोरी फळीवर वर्षभर सुकली की काडीसारखी तुटते, वापरण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवली की पुन्हा लवचीक होते. चिऱ्याच्या कुंपणाजवळ पातं नको, दोरीच.

कुळागरवाल्यांचा हंगाम याच सुमारास पडतो. सुपारीच्या कोळेरोगासाठी पाऊस सुरू व्हायच्या तोंडावर पहिली आणि त्यानंतर ४० ते ४५ दिवसांनी दुसरी बोर्डो फवारणी. एक टक्क्याचं मिश्रण म्हणजे १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना, दोन्ही वेगवेगळे विरघळवून. लोखंडी किंवा जस्ताच्या पत्र्याची भांडी चालत नाहीत, तांबं त्यांना खातं. चांगला लोखंडी सुरा मिश्रणात बुडवून पाहावा, त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला. आमचा संबंध येतो तो फवारणी पंपाशी. गाळून न घेतलेल्या चुन्याचे कण नोझलचं भोक मोठं करतात आणि प्लंजरचं पॅकिंग खातात. कापडातून गाळावं, दिवस संपल्यावर दहा मिनिटं स्वच्छ पाणी ओढवावं, पॅकिंगवरची ग्रीसची टोपी दर दोन तासांनी एक फेरा आवळावी. हे न करणाऱ्याचा पंप दुसऱ्या फवारणीला दाब धरत नाही. आणि त्या दिवसांत पॅकिंगचा सेट संपलेला असला तर दुकानदाराची किंमत राहत नाही.

पाण्याचे पंप वायंगणाला (पावसाळ्यानंतरच्या भाताला), नोव्हेंबरपासून. त्यातल्या दोनच गोष्टी सांगतो. वर बसवलेला पंप विहिरीतलं पाणी प्रत्यक्षात ६-७ मीटरपेक्षा खालून ओढत नाही, मोटर कितीही मोठी लावा. उन्हाळ्यात पातळी खाली गेली की पंपच खाली उतरवावा किंवा पाणबुडा (पाण्यात बुडवायचा) पंप घ्यावा. अश्वशक्ती वाढवून विकणारा दुकानदार त्या गिऱ्हाईकाला कायमचा गमावतो. दुसरी गोष्ट ग्लँडची, म्हणजे पंपातून शाफ्ट बाहेर येतो तिथल्या पॅकिंगच्या जागेची. तिथून सेकंदाला एखादा थेंब पडलाच पाहिजे, तेच त्या पॅकिंगचं थंड करणारं पाणी. गळती पूर्ण थांबेपर्यंत आवळलं की पॅकिंगची दोरी जळते आणि शाफ्ट चरतो.

लावणीचं यंत्र आणि कापणीचं यंत्र फारसे कुणी स्वतःचं घेत नाहीत, भाड्यानेच चालतात, तेव्हा थोडक्यात. लावणीयंत्राच्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा रोपवाटिकेत असतं. माती चाळलेली नसेल तर एक खडा लावणीच्या बोटांना वाकवतो. चिखलणी करून लगेच यंत्र घातलं तर रोपं तरंगतात. एक-दोन दिवस चिखल बसू द्यावा आणि पाणी जेमतेम दोन सेंटिमीटर ठेवावं. कापणीला खाजनात रबरी पट्ट्यांचंच यंत्र बोलवावं, चाकांचं रुतलं की ते काढताना मेर फुटते आणि शेजाऱ्याशी भांडण लागतं ते वेगळंच.

कागदपत्रांकडे येतो. अनुदानाच्या बिलावरचा इंजिन नंबर आणि चेसिस नंबर यंत्रावरून स्वतः वाचून लिहावा, पेटीवरच्या स्टिकरवरून नव्हे. एक आकडा चुकला की विभागीय कृषी कार्यालयातली फाईल तिथेच अडते, आणि तुमचे पैसे तिच्याबरोबर. शेतकऱ्याचं कृषी कार्ड, यंत्राचा फोटो आणि बिलावरचं नाव एकच असावं. बाप-मुलाच्या नावांचा घोळ सगळ्यात जास्त. मंजुरीआधी यंत्र सोपवायचं की नाही हे भांडवलावर ठरवा. दहा टिलरांचे पैसे एकदम अडकलेल्या दुकानाला मे महिन्यात सील भरायला पैसे उरत नाहीत. उधारीची वही वेगळी, यंत्रांची वही वेगळी ठेवावी. दुसऱ्या वहीत गावाप्रमाणे पानं: कुणाकडे कुठलं मॉडेल, कधी काय बदललं. मार्चमध्ये ती वही उघडून बसलं की मे महिन्याची ऑर्डर आपोआप तयार होते.

ऑक्टोबरात कापणी आटोपली की गिऱ्हाईकाला आठवण करून द्यायची ती केज व्हीलची, म्हणजे चिखलणीच्या लोखंडी चाकांची. खाऱ्या चिखलाची लोखंडी चाकं तशीच गोठ्यामागे टाकली तर पुढच्या मिरगाला पट्ट्या पापडासारख्या सुटतात. गोड्या पाण्याने धुऊन, दोन दिवस उन्हात सुकवून, जळकं इंजिन ऑइल आणि डिझेल समप्रमाणात मिसळून ब्रशने लावावं. ते तेल व्हाळात (ओढ्यात) किंवा विहिरीकडे ओघळू देऊ नये. एक्सलच्या षटकोनी शाफ्टवर चाक चढवण्याआधी भरपूर ग्रीस फासावं. तिथे गंज धरला की चाक काढायला गॅस कटर लागतो, आणि तो बोलवायची वेळ नेमकी चिखलणीच्या आदल्या दिवशी येते.